कामं फिरवली, तरी माणसं थकलेलीच

प्रश्न: आमच्या तक्रार विभागात बारा जण आहेत. एक जण तक्रार नोंदवतो, दुसरा जुन्या नोंदी तपासतो, तिसरा उत्तर लिहितो, चौथा ते पाठवतो. तोचतोचपणा जावा म्हणून दर पंधरवड्याला कामं बदलून द्यायला लागलो. सुरुवातीला बरं वाटलं. आता कुरबुर वाढली आहे आणि रजाही. कुठं चुकतंय?

उत्तर: एका कंटाळवाण्या कामावरून दुसऱ्या कंटाळवाण्या कामावर गेल्यानं फक्त विविधता वाढते. काम माणसाला आतून किती प्रेरणा देऊ शकतं, हे मोजणारं हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी 1970च्या दशकात मांडलेलं सूत्र इथं लावून पाहा. कौशल्यांची विविधता, कामाचा सलगपणा (म्हणजे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच हाती असणं) आणि त्याचं महत्त्व यांची सरासरी काढायची. तिला निर्णयाची मोकळीक आणि कामातून मिळणारा प्रतिसाद यांनी गुणायचं. प्रत्येकाला 1 ते 7 गुण. तुमच्याकडे समजा विविधता 3, सलगपणा 2, महत्त्व 4, म्हणजे सरासरी 3. मोकळीक 2, प्रतिसाद 2. गुणाकार 12. विविधता 6 वर नेली तरी 16च होतात. ती न वाढवता मोकळीक 4 केली तर 24, प्रतिसादही 4 केला तर 48. आकडे शब्दशः घेऊ नका. हात कुठं घालायचा, एवढं त्यातून कळतं.

तेव्हा तक्रारीचे चार तुकडे करणं आधी थांबवा. आलेली तक्रार निकाली निघेपर्यंत एकाच माणसाकडे राहू द्या. उत्तराखाली त्याचं नाव असू द्या, आणि ग्राहकाचं पुढचं पत्र थेट त्याच्याच हातात पडू द्या. महिन्याच्या अहवालातली टक्केवारी हा प्रतिसाद नव्हे. 'माझ्या उत्तरानं त्या माणसाचं काम झालं का' हे त्याला दोन दिवसांत कळायला हवं.

मोकळीक मोघम देऊ नका, लेखी द्या: किती रकमेपर्यंतचा परतावा स्वतः मंजूर करायचा, कोणत्या तक्रारी वर पाठवायच्याच. आधी दोन-तीन इच्छुकांना घेऊन महिनाभर करून पाहा. प्रत्येकाला जास्त जबाबदारी हवीच असते असं नाही. नको म्हणणाऱ्यावर ती लादू नका. सुरुवातीला वेग कमी होईल, कारण चारही टप्पे शिकायचे असतात. त्या काळात रोजच्या तक्रारींचा आकडा कमी ठेवा. हे प्रयोग बहुतेकदा इथंच फसतात: अधिकार कागदावर येतो, पण पर्यवेक्षक प्रत्येक उत्तर तपासतच राहतो आणि ठरलेला आकडाही तोच राहतो. मग जबाबदारी वाढते, मोकळीक नाही.

हे आरोग्याच्याही मुळाशी जातं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा वाव कमी, अशा जागी मानसिक ताण सर्वाधिक असतो. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. वाढत्या रजांकडे आळस म्हणून पाहू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न: वरिष्ठ काहीच बदलायला तयार नाहीत. मी स्वतः काय करू शकते?

उत्तर: आठवडाभर कामांची नोंद ठेवा: कोणत्या कामाला किती वेळ गेला, कुठं अडलं, कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागली. मग एकच नेमकी मागणी करा. 'मला जास्त स्वातंत्र्य द्या' याला नकार सहज मिळतो. 'या प्रकारच्या अर्जांवर पूर्वमंजुरी न घेता मी निर्णय घेते, शुक्रवारी यादी दाखवते' याला होकार मिळण्याची शक्यता बरीच जास्त. कामांचा क्रम तुमच्या हातात असेल तर एकाग्रतेची कामं सलग वेळेत बसवा. पण मुळात कामाचा बोजाच माणसांच्या मानानं जास्त असेल, तर यातलं काहीही पुरणार नाही. तिथं नोंदवही दाखवून माणसं वाढवायची किंवा काम कमी करायचीच मागणी करा.