कांते करतो तरी काय?

मागच्या वेळी फ्रान्सचा फुटबॉलपटू एन्गोलो कांतेचं नाव ओझरतं घेतलं, तर प्रश्न त्याच्यावरच जास्त आले. निवडक घेतोय.

गोल नाहीत, ड्रिबलिंग नाही. मग एवढं कौतुक कशाचं? (कोल्हापूर)

शाहू स्टेडियमवर मॅच बघता ना? पुढच्या वेळी दहा मिनिटं बॉल सोडून फक्त डिफेन्सिव्ह मिडफिल्डरकडे, म्हणजे बचावफळीच्या पुढे राहून समोरच्यांचे हल्ले तोडणाऱ्याकडे बघा. कांतेची जागा तीच. समोरचा पास देतोय न देतोय, तोवर कांते तिकडे निघालेला असतो. 2015-16 मध्ये इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबकडून त्याचे 175 टॅकल (समोरच्याच्या पायातून बॉल काढणं) झाले, प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक. लेस्टर 4-4-2 खेळायचं, म्हणजे चार मागे, चार मधल्या फळीत, दोन पुढे; त्यात मैदानाच्या मधोमध दोघंच: तो आणि ड्रिंकवॉटर. तिसऱ्या माणसाचं कामही कांतेच उरकायचा, म्हणून तर हल्ला करणाऱ्या वार्डी आणि माहरेझला पुढे मोकळं राहता आलं. लेस्टर चॅम्पियन झालं. तो चेल्सीला गेला, पुढच्या वर्षी चेल्सी चॅम्पियन आणि लेस्टर बाराव्या नंबरवर! लेस्टरच्या घसरणीला इतरही कारणं होती, पण एवढी मोठी पोकळी गोल मारणाऱ्यामुळेच पडते असं थोडंच आहे?

मुलगा पंधरा वर्षांचा, चणीने लहान. अकादमीने घेतलं नाही. वेळ गेली का? (पुणे)

कांतेची उंची जेमतेम साडेपाच फूट. आईवडील मूळचे मालीचे, तो वाढला पॅरिसजवळ आणि खेळला सुरेनच्या छोट्या क्लबकडून. 2010 मध्ये बुलोन्य क्लबला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. 2012-13 चा अख्खा हंगाम फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये काढला, मग काँ क्लबला गेला, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये उतरला तेव्हा तेविशी गाठली होती. बरोबरीने अकाउंटिंगही शिकला. तेव्हा वेळ गेलेली नाही, पण पुस्तकंही बाजूला ठेवू देऊ नका. असे कांते हजारांत एखादाच निघतो.

2018 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये त्याला 55व्या मिनिटाला का काढलं?

पोट बिघडलेलं होतं, त्यात 27व्या मिनिटाला पिवळं कार्ड. क्रोएशियाविरुद्ध फ्रान्स तेव्हा 2-1 ने पुढे होता. आणखी एक कार्ड म्हणजे मैदानाबाहेर, म्हणून फ्रान्सचे कोच देशाँनी धोका न पत्करता त्याच्या जागी एन्झोन्झीला उतरवलं. बरोबर केलं.

त्याची एकच मॅच बघायची तर कुठली?

युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची 2021 ची फायनल, पोर्तोमध्ये, चेल्सीकडून मँचेस्टर सिटीविरुद्ध. त्याआधी रेआल माद्रिदविरुद्धच्या सेमीफायनलच्या दोन्ही सामन्यांत सामनावीर तोच होता. फायनलमध्ये एकमेव गोल चेल्सीच्या हावर्ट्झचा, आणि सामनावीर? पुन्हा कांते.