रंगनाथन यांनी असं केलं तरी काय की ग्रंथपाल त्यांच्या फोटोला हार घालतात?

12 ऑगस्टला तुमच्या कॉलेजात हार घातला तो फोटो डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा, त्यांची जयंती म्हणून तो दिवस ग्रंथपाल दिन. मी सांगलीत एका कॉलेजच्या लायब्ररीत देवघेव काउंटरला असते, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी माझं सांगते. लहानपणी आमच्या गावच्या वाचनालयात सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूप लावून. मी काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायचे, आणि वाचनालयातले काका म्हणायचे, नाव सांग, काढून देतो. आता न बघितलेल्या पुस्तकाचं नाव कसं सांगणार? रंगनाथनांचं मोठेपण मला इथंच कळतं. 1931 साली त्यांनी ग्रंथालय कसं चालवावं याची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. म्हणजे कुलूप काढा, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, आणि मद्रास विद्यापीठात त्यांनी तसं करूनही दाखवलं.

गंमत म्हणजे माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले पण तिथं मन रमेना, परत शिकवायलाच जातो म्हणत होते, मग लंडनला शिकायला गेले आणि तिथली वाचनालयं बघून पार बदलून आले. तिथल्याच एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला, त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तशी वेगळी वस्तू, आणि त्यावरून द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देऊन लावायची त्यांची पद्धत, सुचलं, ते पुस्तक 1933 चं.

ते कसं चालतं ते आपल्याकडच्या उदाहरणावर सांगते. समजा विषय आहे सांगली जिल्ह्यात 2019 च्या पुरानंतर हळदीवरच्या रोगाचा बंदोबस्त. ड्युई पद्धतीत, म्हणजे पुस्तकं लावायच्या दुसऱ्या एका जुन्या पद्धतीत, विषयांचे खण बरेचसे आधीच ठरलेले, त्यातल्या एकात हे बसवायचं. रंगनाथन म्हणतात विषय सुटा करा, पीक कुठलं, रोग कुठला, त्याचं काय करायचं, ठिकाण, काळ, आणि प्रत्येकाचा अंक घेऊन जोडा. ऑनलाइन साडी घेताना तुम्ही रंग, कापड, किंमत असे फिल्टर लावता ना, विचार तोच.

खरं सांगायचं तर आज आपल्याकडे बहुतेक लायब्रऱ्यांत ड्युईच चालते, आमच्याकडेपण. पण मद्रासचा 1948 चा ग्रंथालय कायदा त्यांच्याच धडपडीतून झाला, आणि बेंगळुरूला 1962 मध्ये त्यांनी काढलेलं प्रलेखन केंद्र, म्हणजे ग्रंथ आणि माहिती नीट लावण्याचं संशोधन आणि शिक्षण देणारी संस्था, अजून चालू आहे. 1972 ला गेले.

कधी सवड काढून महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला जाऊन या. तिथं लोकांच्या घरात पुस्तकं मांडलीत, कुणी नाव विचारत नाही, हवं ते काढायचं आणि ओसरीवर बसून वाचायचं.