काटा बिघडलेला नाही, विंडोज ११ने केबलचा ड्रायव्हर बदललाय

विंडोज ११ टाकल्यापासून संकलन केंद्राचा वजनकाटा सॉफ्टवेअरमध्ये आकडाच देत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ (उपकरण सुरूच होत नाही, असा अर्थ) येतोय, आणि सर्व्हिसवाला फॉरमॅट मारू म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. फॉरमॅट आत्ता अजिबात मारू देऊ नका.

आधी काटा कॉम्प्युटरला जोडणारी यूएसबी-सीरियल केबल कुठली ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळं चिन्ह असलेल्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०६७बी आणि पीआयडी (मालाचा क्रमांक) २३०३ दिसलं तर केबलमधली चिप प्रोलिफिक कंपनीची किंवा तिची नक्कल. (व्हीआयडी १ए८६ म्हणजे सीएच३४०, ०४०३ म्हणजे एफटीडीआय. या दुसऱ्या चिप, त्यांचं औषध वेगळं.) प्रोलिफिकने जुन्या एचएक्सए चिपचा आधार विंडोज ८ पासूनच काढलाय, आणि टीए चिपचा विंडोज ११ला. नवा ड्रायव्हर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) जुनी चिप ओळखतो आणि मुद्दाम नाकारतो. कित्येकदा उपकरणाच्या नावाच्या जागीच ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. म्हणून ‘लेटेस्ट ड्रायव्हर टाका’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

फॉरमॅटला माझा विरोध का, तर जुन्या विंडोजवरूनच अपग्रेड केलं असेल तर चालणारा ड्रायव्हर बहुधा अजून तुमच्याच मशीनमध्ये पडून आहे. फॉरमॅट झालं की तो गेला, आणि सेटिंग्जमधला जुन्या विंडोजवर परत जायचा ‘गो बॅक’ही गेला (तो तसाही अपग्रेडनंतर १० दिवसच असतो). आमच्याकडे आलेल्या एका सर्व्हिस सेंटरच्या माणसाने नेमकं हेच केलं, वर ‘पोर्ट जळालाय, नवा पीसी घ्या’ म्हणून बिलही लावलं. हार्डवेअर आयडी उघडून बघायचे कष्ट नाहीत, सल्ले मात्र मोठे!

करायचं ते असं. त्याच नावावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’. यादीत एकाहून जास्त आवृत्त्या दिसतील. त्यातली जुनी निवडा. ३.३.११.१५२ किंवा ३.३.२.१०२ असेल तर एचएक्सए आणि नकली चिपवर बहुतेक वेळा काम होतं. टीएला ३.८ मालिकेतली जुनी आवृत्ती लागते. यादीत काहीच नसेल तर केबल काढून ठेवा, जुना इन्स्टॉलर चालवा, मग केबल लावून परत याच यादीतून निवडा. इन्स्टॉलर चालवला म्हणजे काम झालं असं नाही, कारण विंडोज आपणहून नवीनच उचलतं. ‘ड्रायव्हर अपडेटर’ छापाची फुकट सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका. ती नवीनच आवृत्ती आणतात, सोबत कचराही.

आता केबल तपासा. नऊ पिनांच्या टोकाला पिनांशेजारी बारीक आकडे असतात. २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा. पुट्टी या फुकट प्रोग्राममध्ये सीरियल निवडून केबलचा कॉम पोर्ट (डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावापुढे कॉम३ असा दिसतो तो) उघडा, फ्लो कंट्रोल ‘नन’ ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं उमटली तर केबल आणि ड्रायव्हर ठीक. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे, नाहीतर ती चाचणी खोटी.

एवढं होऊनही काटा गप्प असेल तर पोर्टचा नंबर बघा. यूएसबीची जागा बदलली की कॉम३ चा कॉम७ होतो, आणि जुनी संकलन सॉफ्टवेअरं बरीचशी कॉम४ च्या पुढे बघतच नाहीत. केबलच्या प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये नंबर बदला. बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) काट्याच्या सेटिंगशी जुळवा. ९६०० नेहमीचा, पण गृहीत धरू नका. पहाटेच्या संकलनात मधेच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा.

माझं मत विचाराल तर हे सगळं महिनाभराची सोय म्हणून करा आणि खात्रीच्या दुकानातून अस्सल एफटीडीआय चिपची केबल घ्या. विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर लादू शकतं. तुमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती मला माहीत नाही, त्यामुळे काही करण्याआधी संकलनाच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.

तरी कोड १० राहिला तर हार्डवेअर आयडीची पूर्ण ओळ आणि ड्रायव्हरची आवृत्ती इथे टाका. नुसत्या ‘पिवळं येतंय’ वरून कुणालाच काही सांगता येणार नाही.