क्रिस्टल बाशे बनवायचंय? आधी तीन-चारच सूर

क्रिस्टल बाशे म्हणजे काचकांड्यांवर ओली बोटं फिरवून वाजवायचं वाद्य. पहिल्याच झटक्यात पूर्ण वाद्यातल्या ५४ काचकांड्यांच्या नादी लागू नका, तीन-चार पुरेत. बर्नार आणि फ्रांस्वा बाशे या फ्रेंच भावांनी १९५२ साली हे वाद्य घडवलं. बर्नार इंजिनियर, फ्रांस्वा शिल्पकार. तुम्हालाही जोडीदार मिळाला तर बघाच, काम निम्म्याने हलकं होतं.

जाड धातूच्या पट्टीत आट्यांचे स्टीलचे रॉड बसवा, रॉडला काचकांडी. सूर रॉडच्या लांबीवर आणि वजनावर ठरतो, काचेवर नाही. त्यामुळे सूर लावायला काच कापत बसू नका. लांब रॉड, खालचा सूर.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते इथे:

- नट ढिला राहतो. मग खरखर येते आणि कंपनं पट्टीपर्यंत पोचतच नाहीत.
- बोटं तेलकट असतात. साबणाने धुवा, पाण्यात बुडवा, कांडीवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा. दाबलंत की सूर गुदमरतो.
- आवाज मोठा करणारा पत्रा चारही बाजूंनी आवळला जातो. एकाच कडेला धरा, बाकी मोकळा सोडा.

काचेच्या कडा आधी घासून घ्या. पूर्ण वाद्यात आवाज वाढवायला असतात ते फायबरग्लासचे कर्णे, खालच्या मिशांसारख्या तारा सध्या विसरा.