छापखान्यातल्या एक्सपी मशीनचा बॅकअप नव्या नॅसवर जात नाही. एसएमबी-१ चालू करावं का?

तुमच्याकडे पेजमेकरची, म्हणजे पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरची, दोन विंडोज एक्सपी मशीनं आणि हिशेबाचं एक विंडोज ७ आहे. नव्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर, विंडोज ७ चा डेटा जातो, एक्सपीवरून मात्र नॅस उघडतच नाही, आणि विकणाऱ्याने सांगितलंय की नॅसमध्ये एसएमबी-१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती) चालू करा, होईल. होईल हे खरं, पण कृपा करून करू नका. तेच काम विंडोज ७ कडून करून घेता येतं.

आधी खात्री करा की अडचण खरंच तीच आहे. एक्सपीवरून नॅसचा आयपी पत्ता पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं नाही तर केबल, स्विच नाहीतर आयपी पत्ता तपासा, पुढचं काहीच वाचू नका. पिंग होतंय, पण आयपी टाकूनही फोल्डर उघडत नाही, पासवर्डसुद्धा विचारला जात नाही, तर गाठ एसएमबीचीच. एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी व्हिस्टापासून आली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ मधल्याच भोकातून. नॅसमध्ये एसएमबीसाठी बहुतेक वेळा सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं, आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबाने एसएमबी-१ मुळातच बंद ठेवलंय. म्हणजे तुमचा नॅस बिघडलेला नाही. जिथे तिन्ही मशीनचा डेटा साठणार, तिथेच हे दार उघडणं मला पटत नाही.

विंडोज ७ ला दोन्ही आवृत्त्या येतात. म्हणून एक्सपीने नॅसकडे पाठवायचं नाही. विंडोज ७ ने एक्सपीवरून ओढून घ्यायचं आणि नॅसवर ठेवायचं. एक्सपी प्रोफेशनल असेल तर फोल्डर ऑप्शन्समधलं ‘सिंपल फाइल शेअरिंग’ काढा, बॅकअपसाठी वेगळं खातं उघडा आणि कामाचा फोल्डर त्या खात्याला फक्त वाचण्यापुरता शेअर करा. खात्याला पासवर्ड हवाच. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला एक्सपी नेटवर्कवरून आत घेत नाही. त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं विंडोज ७ वर आणि नॅसवरही करा, म्हणजे रात्री कुणी लॉग इन नसतानाही काम चालेल. हे खातं उघडताना सोडलं तर नॅसचा पासवर्ड एक्सपीच्या खिडकीत कधी टाकायचा नाही. मग एक्सपीत काही शिरलं तरी त्याला नॅसपर्यंत थेट पोचणं कठीण जातं. एक्सपीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवेची, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराच्या पत्त्याची, जागा रिकामी सोडा. आतलं नेटवर्क चालतं, इंटरनेट बंद होतं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यामुळे विंडोज ७ वरही ईमेल किंवा पेन ड्राइव्ह नको.

ओढायला रोबोकॉपी ही फाइली कॉपी करायची कमांड वापरा, ते विंडोज ७ मध्ये असतंच. पण ‘आर’ (किती प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन स्विच स्वतः द्या. न दिल्यास उघडी राहिलेली एक फाइल मिळवायला ते ३० सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करतं, म्हणजे साधारण ३४७ दिवस. सकाळी आल्यावर बॅकअप अडकलेला दिसतो आणि लोक नॅसला दोष देतात. दोन प्रयत्न, पाच सेकंद पुरेत. ‘मिरर’चा स्विच टाळा, एक्सपीवर चुकून फोल्डर पुसला गेला तर रात्री तो नॅसवरूनही पुसला जाईल. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये झेड ड्राइव्हसारखं अक्षर न देता नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या, कारण लॉग इन नसताना ते अक्षर अस्तित्वातच नसतं. शेवटचा निकाल १ दिसला तर घाबरू नका, रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे ‘फाइली कॉपी झाल्या’. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला की लॉग उघडा.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट. एक्सपीचं घड्याळ बघा.

मी एका छापखान्याची मशीनं सांभाळायचो. तिथला बॅकअप एक्सकॉपी या जुन्या कमांडने, ‘डी’ स्विच लावून चालायचा; म्हणजे मूळ फाइल नॅसवरच्या प्रतीपेक्षा नवी असेल तरच घ्यायची. दिवाळी अंकाची पानं लागली, पहिली प्रुफं निघाली, तोवर सगळं ठीक होतं. मग मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपला. रोज रात्री मेन स्विच बंद व्हायचा आणि सकाळी घड्याळ २००२ सालात जायचं. त्यानंतर केलेल्या प्रत्येक दुरुस्तीवर २००२ ची तारीख पडली, आणि एक्सकॉपीच्या लेखी ती फाइल जुनी ठरली. एकही एरर आला नाही. नॅसवरचा फोल्डर उघडला की सगळी पानं दिसायची. हार्ड डिस्क गेली तेव्हा कळलं की पानं आहेत, दुरुस्त्या नाहीत. तीन प्रुफांचं वाचन पुन्हा करावं लागलं, आणि ते करणाऱ्या वयस्कर मुद्रितशोधकांचा चेहरा मला अजून आठवतो. रोबोकॉपी तारीख मागची असली तरी वेगळी फाइल घेतं, जुन्या फाइली वगळणारा ‘एक्सओ’ स्विच लावला नाही तर. तरीही सीआर २०३२ सेल आजच बदला, दोन्ही मशीनचा.

एक्सकॉपी चालू ठेवणार असाल तर आणखी एक: ‘मेमरी अपुरी’ अशी तक्रार आली तर रॅम वाढवू नका. फोल्डरात फोल्डर करत पत्ता २५४ अक्षरांपुढे गेला की ते असंच म्हणतं.

पेजमेकरची फाइल एकटी काही कामाची नाही. जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत; फॉन्ट नसेल तर ‘प्रस्तावना’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर, पानांत जोडलेली मूळ चित्रं आणि सॉफ्टवेअरच्या सीडीची प्रतही नॅसवर ठेवा. फॉन्टच्या पॅकेजला डोंगल (किल्लीसारखा मशीनला लावायचा तुकडा) असेल तर त्याचा बॅकअप होत नाही, ते कुलपातच ठेवा.

हे सगळं बसलं की एका मशीनवर नुकतंच दुरुस्त केलेलं पान दुसऱ्या दिवशी नॅसवरून विंडोज ७ वर घ्या, तिथून दुसऱ्या एक्सपीवर न्या, पेजमेकरमध्ये उघडा आणि छापून मुद्रितशोधकाच्या हातात द्या. कालची दुरुस्ती कागदावर आहे का, ते त्यांनाच बघू द्या.