सुईत किती पदर घ्यायचे? सॅम्पलरच्या नक्षीटाक्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

सॅम्पलर म्हणजे निरनिराळे टाके एकाच कापडावर मांडलेला भरतकामाचा नमुना. त्यातल्या फुल्या (क्रॉस स्टिच) बहुतेकांच्या नीट येतात. अडतं ते मधल्या पट्ट्यांपाशी, जिथे साटीन (शेजारी शेजारी समांतर भरलेले टाके), आयलेट (मधल्या भोकाभोवती फिरणारे टाके), ऱ्होड्स (चौकोनात गोल फिरत मध्यावर एकमेकांवर चढणारे टाके) असे टाके सुरू होतात. या वेळच्या पत्रांमध्ये फिरून फिरून एकच विचारणा आहे : दोरा किती जाड घ्यायचा? उत्तरांत कापडातला तो ‘धागा’ आणि सुईतला तो ‘दोरा’ असं म्हटलं आहे. लडीचा दोरा म्हणजे नेहमीचा सहा पदरी सुती दोरा.

प्रश्न : २८ काउंटच्या लिननवर दोन-दोन धाग्यांवर फुल्या घालते आहे. दोन पदरांत फुल्या छान भरल्या. त्याच दोन पदरांनी साटीनचे उभे त्रिकोण घातले, तर मधून कापड दिसतं. हात सैल पडतोय का?

हाताचा दोष नाही, टाक्याच्या दिशेमुळे असं होतं. २८ काउंट म्हणजे एका इंचात २८ धागे. शेजारच्या दोन भोकांत साधारण ०.९ मिलिमीटर अंतर. साटीनचा उभा टाका प्रत्येक भोकातून निघतो, म्हणजे तेवढी पट्टी त्याला एकट्याने झाकायची असते. फुलीचं तसं नाही. तिथे दोन तिरप्या रेघा एकमेकींवर पडतात, कोपऱ्याच्या प्रत्येक भोकात शेजारच्या चार फुल्या येऊन भेटतात, आणि उरलेलं कापड बारीक ठिपक्यांनी विखुरलेलं असतं, त्यामुळे नजर तिकडे जात नाही. साटीनमधली फट मात्र सरळ रेघेत येते आणि रेघ लगेच डोळ्यांत भरते. म्हणून २८ काउंटवर उभ्या किंवा आडव्या साटीनला तीन पदर घ्या.

तेच साटीन तिरपं असेल तर दोन पुरतात. भोकं तीच, पण टाके ४५ अंशांत पडले की शेजारच्या दोन टाक्यांमधलं अंतर ०.९ वरून सुमारे ०.६४ मिलिमीटरवर येतं. त्यामुळे एकाच पट्टीत उभे त्रिकोण आणि स्कॉच टाक्याचे तिरपे चौकोन असले, तर त्रिकोण तीन पदरांत आणि चौकोन दोन पदरांत घाला, नक्षीच्या कागदावर सरसकट ‘दोन’ छापलेलं असलं तरी. ३२ काउंटवर अंतर ०.८ मिलिमीटर होतं. तिथे दोन पदर नीट पसरवले तर उभं साटीनही निभावतं. आयडा म्हणजे चौकोनी विणीचं भरतकामाचं कापड, त्यात काउंट म्हणजे इंचातले चौकोन. १४ काउंटच्या आयडावर हेच अंतर १.८ मिलिमीटर, म्हणजे २८ काउंटच्या दुप्पट. तिथे चार पदरांपासून करून पाहा, कधी सहाही लागतात.

पदर वाढवण्याआधी मात्र ते सुटे करून घेतलेत का, ते पाहा. लडीतून दोन-तीन पदर एकत्र ओढून काढले की त्यांचा पीळ तसाच राहतो आणि दोरी तयार होते. दोरी गोल असते, ती कापड झाकत नाही. ४५ सेंटीमीटरचा तुकडा कापा, वरचं टोक चिमटीत धरा आणि एकच पदर सरळ वर ओढा. खाली बाकीचे पदर गोळा होतील, पदर सुटला की ते आपोआप सरळ होतात. असे एकेक काढून मग शेजारी शेजारी जुळवा. टाका ओढताना दुसरी एखादी बोथट सुई दोऱ्याखाली आडवी धरा आणि शेवटच्या क्षणी काढून घ्या. पदर फितीसारखे चपटे बसतात. दर चार-पाच टाक्यांनी सुई मोकळी लोंबकळू द्या, म्हणजे चढलेला पीळ उतरतो. एवढ्यानेच कितीदा फट मिटते आणि तिसऱ्या पदराची गरज उरत नाही.

जास्त जाडी झाली तर तेही कळतं : सुई ओढताना अडते, त्रिकोणाची कड फुगते आणि शेजारच्या फुल्या तिच्याखाली दबतात. कापडाच्या कडेला जी जागा चौकटीखाली जाणार असते, तिथे आधी दहा टाके घालून पाहा. दहाच का? तीन-चार टाक्यांत फुगवटा दिसत नाही, दहांत दिसतो.

प्रश्न : अल्जेरियन आयलेटचं मधलं भोक माझ्याकडे बंदच होतं. चित्रात तर स्पष्ट गोल दिसतं.

मोजून पाहा. चार बाय चार धाग्यांच्या आयलेटमध्ये आठ टाके असतात आणि आठही मधल्या एकाच भोकात उतरतात. दोन पदर घेतले तर त्या भोकात सोळा पदर झाले. सोळा टाक्यांचा भरगच्च आयलेट असेल तर बत्तीस! भोक उरणार कुठून? एकच पदर घ्या, किंवा १२ नंबरचा पर्ल दोरा (पक्क्या पिळाचा, पदर सुटे न करायचा दोरा). आयलेटमध्ये कापड झाकणं हा हेतूच नाही. दोऱ्याने धागे बाजूला खेचून जागा करायची असते.

सुई नेहमी बाहेरच्या भोकातून वर आणा आणि मधल्या भोकात खाली न्या. उलटं केलंत तर वर येणारी सुई आधीचे टाके उचकटते आणि भोकात तूस जमतं. सुई खाली गेल्यावर दोरा मध्यापासून बाहेरच्या दिशेने हलकेच ताणा. आठही वेळा तेवढाच ताण द्या, नाहीतर भोक लांबोळकं होतं. टाके एकापाठोपाठ एक गोल फिरत घाला, उड्या मारत नको. पुढच्या आयलेटकडे जाताना मागचा दोरा भोकावरून आडवा गेला, तर उजेडात धरल्यावर तो दिसतोच, म्हणून कडेच्या टाक्यांखालून न्या.

आयडावर आयलेट करणार असाल, तर आधी २२ नंबरच्या जाड बोथट सुईने मधलं भोक रुंद करून घ्या. आयडाची वीण गच्च असते. लिननइतकं मोठं भोक तिथे होत नाही, ते स्वीकारूनच नक्षी निवडा.

प्रश्न : नक्षीत ‘पर्ल ८’ लिहिलं आहे, माझ्याकडे लडीचाच दोरा आहे. किती पदर धरू? आणि ८ हा १२ पेक्षा बारीक ना?

नाही, उलट. पर्लमध्ये नंबर वाढला की दोरा बारीक होतो. ३ सगळ्यात जाड, मग ५, ८ आणि १२. वेष्टनावरची लांबी पाहिलीत तरी कळेल : १० ग्रॅमच्या गुंड्यात ८ नंबरचा दोरा साधारण ८० मीटर भरतो, १२ नंबरचा १२० मीटर. जाडीच्या हिशेबाने १२ नंबर म्हणजे एक पदर किंवा किंचित जास्त, ८ म्हणजे दोन पदर आणि ५ म्हणजे तीन ते चार.

हा हिशेब जाडीचा झाला, रूपाचा नाही. पर्लला पक्का पीळ असतो, तो सुटा करायचा नसतो. तो टाक्यात गोल राहतो, उठून दिसतो आणि प्रत्येक टाक्याची सावली पडते. लडीचे पदर पसरतात, कापड जास्त झाकतात आणि सपाट चमकतात. साटीनच्या त्रिकोणात ८ ऐवजी तीन पदर घेतलेत तर काही बिघडत नाही, वेगळं दिसेल एवढंच.

पण नक्षीत हार्डांगरचे, म्हणजे कापडाचे धागे कापून जाळी करायच्या भरतकामाचे, क्लॉस्टर ब्लॉक असतील, तर बदल करू नका. चार धाग्यांवर पाच सरळ टाके घालून हा ब्लॉक होतो आणि त्याच्या कडेला धागे कापायचे असतात. कापलेली टोकं धरून ठेवणं हे त्या पाच टाक्यांचं काम आहे. दोरा बारीक पडला की टोकं निसटतात आणि पहिल्याच धुण्यात कापड उसवायला लागतं. २२ काउंटच्या हार्डांगर कापडावर ब्लॉकला ५ नंबर आणि उरलेल्या धाग्यांच्या दांड्या गुंडाळायला ८ नंबर वापरतात. २८ काउंटवर ८ आणि १२. दांडीला एक पायरी बारीक दोरा, कारण जाड दोऱ्याने दांडी फुगून कापलेली जाळी भरून टाकते.

प्रश्न : ऱ्होड्स टाक्याचा गोळा झाला. तीन पदर घेतले होते, कडा भरावी म्हणून.

ऱ्होड्सची अडचण हीच आहे की कडेला जाड दोरा हवा आणि मध्यावर बारीक. सहा बाय सहा धाग्यांच्या चौकोनात बारा टाके असतात. ते कडेच्या एकेका भोकातून निघतात, पण सगळे मध्यावर एकमेकांवर चढतात. तीन पदरांत तिथे छत्तीस पदरांचा थर होतो. २८ काउंटवर दोन पदर घ्या. कडेला किंचित कापड दिसलं तरी मधला उठाव सुबक येतो. एका सॅम्पलरमधले सगळे ऱ्होड्स एकाच कोपऱ्यातून आणि एकाच दिशेने फिरवा, नाहीतर प्रत्येकावर उजेड वेगळा पडतो.

आठ बाय आठ धाग्यांच्या पुढे जाऊ नका. तेवढ्यातही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा टाका एक सेंटीमीटरचा होतो आणि त्यापुढे तो अडकून ओघळतो. हे टाके शेवटी घाला. रिंगखाली एकदा चेपलेला ऱ्होड्स पुन्हा तितका वर येत नाही.

जाताजाता, राईस टाक्याचंही असंच आहे. मोठी फुली दोन पदरांत घाला, पण तिच्या चार पायांवरचे छोटे तिरपे टाके एकाच पदरात, नाहीतर खालची फुली दिसतच नाही.

प्रश्न : फ्रेंच नॉट मोठी हवी असेल तर सुईला तीन वेढे द्यावेत का?

वेढे नको, पदर वाढवा. एक वेढा आणि दोन पदर ही नेहमीची गाठ. मोठी हवी तर एक वेढा आणि तीन पदर. फार तर दोन वेढे. तिसऱ्या वेढ्याला गाठ कलंडते.

प्रश्न : दोनाचे तीन पदर केले तर दोरा किती जास्त लागेल?

आठ मीटरच्या लडीत सहा पदर, म्हणजे एकेरी ४८ मीटर दोरा. दोन पदरांनी काम केलंत तर एका लडीत २४ मीटर शिवण होते, तीन पदरांनी १६ मीटर. म्हणजे जिथे दोन लड्या पुरत होत्या तिथे तीन लागतील. त्या एकाच वेळी आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर पाहून घ्या. फुल्यांमध्ये छटेचा फरक लपून जातो, साटीनच्या सपाट पट्टीत तो लपत नाही.