सोलापुरात नर्सिंग करतेय, पेशंटमध्ये जीव फार गुंततो. काय करू?

जीव गुंततो म्हणून स्वतःला दोष देऊ नका. कर्नाटकातल्या इंडीकडून आलेल्या आजीशी कन्नडमध्ये, विडी कामगार मावशीशी तेलुगूत दोन शब्द बोललात तरी त्यांची भीती उतरते. तो कामाचाच भाग आहे. मर्यादा लागते ती पुढे. स्वतःचा मोबाईल नंबर, उसने पैसे, "नक्की बरे व्हाल" असा शब्द, हे कधीच देऊ नका. पैशांची अडचण दिसली तर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का ते विचारायला लावा. तुमच्या पगारातून किती जणांना पुरणार? आणि एखाद्याच पेशंटसाठी ड्यूटी बदलून घ्यावीशी वाटू लागली, घरी झोप लागेना, तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांशी त्याच दिवशी बोला. मनात ठेवून चांगल्या मुली खचतात, ते बघवत नाही.